तुळईखालचा काटा

बायका वय लपवतात. मला वजनसुद्धा लपवता आलं नाही, कारण ते आमच्या घरमालकांच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं असे. येणाराजाणारा ते वाचायचा. दूधवाला वाचायचा. पोस्टमन तर पत्र हातात देता देता म्हणायचा, "यंदा तीन पौंड कमी दिसतात. बरं नव्हतं का?"

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. अंधेरीला स्टेशनपासून दहा मिनिटं चाललं की तेव्हा भाताची खाचरं लागायची, आणि खाचरं लागायच्या जरा आधी आमचं घर होतं. घर म्हणजे एकावर एक दोन खोल्या, मागे पडवी, बाहेरून लाकडी जिना. खाली मालक, वर आम्ही. मालक शाळेतून निवृत्त झालेले पदार्थविज्ञानाचे शिक्षक. त्यांना मालक कुणीच म्हणत नसे, सगळे मास्तरच म्हणत. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. होती ती एक तुळई.

ही तुळई म्हणजे त्यांच्या डोक्यावरची आणि आमच्या पायाखालची. घर बांधताना ठेकेदाराने नऊ इंची सांगून आठ इंची सागवान बसवलं होतं. एवढ्यातेवढ्या फरकाचं दुसऱ्या कुणाला काही वाटलं नसतं. पण मास्तरांनी तीस वर्षं पोरांना स्थितिस्थापकता शिकवली होती. हा शब्द ते असा चवीने उच्चारायचे, की जिभेवर श्रीखंड असावं. "वजन टाकलं की वाकते. वजन काढलं की परत येते. सज्जन आहे बिचारी! पण सज्जनालाही एक मर्यादा असते. तिच्या अलीकडे आहे तोवर परत येईल. पलीकडे नेलीत, की वाकली ती वाकलीच."

ती मर्यादा त्यांनी गणित करून काढली होती. तेराशे पौंड.

नाना, म्हणजे माझे वडील, खोली बघायला आले तेव्हा मास्तरांनी जात विचारली नाही, नोकरी विचारली नाही. विचारलं ते एवढंच, "सगळे मिळून किती?"

नाना म्हणाले, "चौघं."

"माणसं नव्हे हो. पौंड!"

नानांना वाटलं म्हातारा गमतीदार आहे. गंमत कळायला पाडवा उजाडावा लागला. पाडव्याला गुढी उभारून झाली की मास्तर आम्हा चौघांना रांगेने कोपऱ्यावरच्या कोळशाच्या वखारीत न्यायचे. तिथे पोती तोलायचा जमिनीवरचा मोठा काटा होता. त्यावर एकेकाने उभं राहायचं. लोक नव्या कपड्यांत देवळात जात असायचे आणि आम्ही नव्या कपड्यांत वखारीतून बाहेर पडायचो, परकराला कोळशाची काळी किनार लावून. घरी आल्यावर मास्तर भिंतीवर लिहायचे. नाना एकशे अठरा. आई एकशे दोन. मोठी, म्हणजे माझी ताई, अठ्ठ्याण्णव. धाकटी, म्हणजे मी, वय वर्षं पंधरा, एकशे एकवीस.

"धाकटी अकरा पौंडांनी वाढली," ते आईला गंभीरपणे सांगायचे. "वहिनी, पुढच्या वर्षी एक ट्रंक खाली ठेवावी लागेल."

सामानाचे सातशे पौंड. कपाट, पलंग, ट्रंका, पाण्याचं पिंप, सगळं धरून. उरायचे एकशे एकसष्ट. म्हणजे एक पाहुणा आणि त्याची पिशवी. दुसरा पाहुणा आला तर पहिल्याने जिन्यात बसायचं. माझ्या मामांनी अख्खी दिवाळी जिन्यात काढली आहे. ते अजून तो विषय निघाला की पान थुंकून येतात.

आणि हे सगळं पाळलं जातंय की नाही, ते बघायला होता काटा. मास्तरांच्या खोलीत, बरोबर तुळईच्या मध्यावर त्यांनी एक पितळी खिळा ठोकला होता. त्याला बांबूची लांब काडी अशी जोडली होती, की तुळई केसभर वाकली तर काडीचं टोक दहा केसांएवढं खाली यायचं. टोकामागे कागदाची पट्टी. पट्टीवर सुतारी सुतांच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या, खुणा, आणि खाली एक तांबडी रेघ. ती तेराशेची. हे वाचायला मास्तर आधी चष्मा लावत, मग चष्म्यापुढे भिंग धरत. चष्म्याविना त्यांना तुळईसुद्धा दिसत नसे, काट्याचं तर सोडाच.

मी वर उडी मारली की खालून काठी ठोकल्याचा आवाज यायचा. "धाकटे! उभी असतेस तेव्हा एकशे एकवीस. धप्पदिशी आलीस की दुप्पट!"

एकदा श्रावणात आईच्या मैत्रिणी जमल्या आणि कुणीतरी फुगडी धरली. दुसऱ्याच गिरकीला मास्तर अंगणात उभे, दोन्ही हात वर करून, जणू वर आग लागली आहे. "बायांनो, फुगडी अंगणात! काटा नाचतोय!" बायका हसून हसून खाली बसल्या. "सावकाश बसा!" मास्तर ओरडले.

पण एक सांगते, त्यांच्यामुळे मला जन्मात एकदाच कष्टाचं प्रमाणपत्र मिळालं. जिना तेरा फुटांचा. "तेरा गुणिले एकशे एकवीस," ते म्हणाले, "शाळेतून आलीस की वर जाईपर्यंत तू पंधराशे त्र्याहत्तर फूट-पौंड कार्य करतेस." मी धावत जाऊन आईला सांगितलं आणि एवढ्या कामाबद्दल दोन लाडू मागितले. आई म्हणाली, "त्यांना विचार, लाडवाचे किती पौंड वाढतात."

त्यांचं म्हणणं खरोखर कळलं ते एकाच बाईला. वेसाव्याहून एक कोळीण यायची, डोक्यावर म्हावऱ्याची पाटी. मास्तर तिला पाटी घेऊन वर चढू द्यायचे नाहीत. ती जिन्याशी पाटी उतरवायची आणि कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मास्तर, तुमचा घर हाय का होरी? मानसा मोजून चरवता!"

"होडीच समज."

"मंग बराबर हाय. आमी पन पानी बगूनच ठरवताव. पानी काठाला आला का बस, बापूस असला तरी खाली उतरवताव."

मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? शाळेत न जाता हिला कळलं. तू तर अकरावीत आहेस ना? असो."

ताईला मात्र ते सगळं कळायचं. ती मास्तरांकडून विज्ञान शिकून मॅट्रिक झाली होती. तिला त्यांनी कधी दोनदा सांगितलेलं मी ऐकलं नाही. मला ते चारदा सांगत आणि पाचव्यांदा तिला म्हणत, "मोठे, तू सांग हिला."

ताई चोविसाची झाली तशी घरातली हवा बदलली. दोन स्थळं येऊन गेली होती. एक पत्रिकेवरून फिरलं, दुसरं कशावरून फिरलं ते सांगायचंही सौजन्य त्यांनी दाखवलं नाही. तिसरं आलं ते नानांच्या कचेरीतल्या ओळखीतून. मुलगा कुर्ल्याला एका कारखान्यात होता. नानांनी त्याला एकदा घरी आणलं तेव्हा त्याने मास्तरांच्या भिंतीवरचा तक्ता वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला हसू आवरेना. मला राग आला. ताईला नाही आला. पुढच्या आठवड्यात मी तिला निळ्या साडीला तिसऱ्यांदा इस्त्री करताना पाहिलं. विचारलं तर म्हणाली, "चुरगळली होती गं."

तेवढ्यात मुलाच्या आत्याचं पत्र आलं. मुलाला आई नव्हती, आत्यानेच वाढवलेलं. त्या घरात शेवटचा शब्द तिचा. तिने लिहिलं होतं, आम्ही सातजण येतो. मुलीच्या घरीच बघू, घरदार बघितल्याशिवाय मी हो म्हणत नाही.

सातजण!

नाना पत्र घेऊन खाली गेले. मास्तरांनी पाटी-पेन्सिल घेतली. "माणशी एकशे तीस धरू. सात जणांचे नऊशे दहा. तुम्ही तिघं तीनशे अठरा. बाराशे अठ्ठावीस. उरतात बहात्तर." मग मान वर करून म्हणाले, "जमेल. फक्त सामान सगळं खाली आणावं लागेल. आणि धाकटी बहात्तरात बसत नाही."

"मास्तर, तुमच्या खोलीत बसवू या का त्यांना?"

"माझी ना नाही. पण त्यांनी मुलीचं घर म्हटलंय. एवढ्यावरून मोडायला नको."

मोडायला नको, हे बोलताना त्यांचा आवाज जरा वेगळा लागला. ताईचं लग्न ठरावं हे त्यांनाही आमच्याइतकंच हवं होतं. फक्त तेराशे पौंडांच्या आत.

त्या रविवारी सकाळपासून आम्ही घर रिकामं केलं. कपाट, पलंग, ट्रंका, पिंप, सगळं मागच्या पडवीत ताडपत्रीखाली. वर राहिली एक सतरंजी, चहाची भांडी आणि पोह्यांची कढई. नानांना सूचना मिळाली, "जाड माणसं भिंतीकडे. सडपातळ मध्ये. मध्यावर वजन आलं की तुळई सर्वांत जास्त वाकते." आणि मी, जादा बोजा म्हणून, खाली मास्तरांच्या खोलीत.

म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीला बघायला आले तो कार्यक्रम मी एका बांबूच्या काडीवर पाहिला.

मास्तर चष्मा लावून, भिंग धरून स्टुलावर. मी शेजारी. जिना करकरला. काडी हलली.

"आले. एक... दोन... चार." काडी संथपणे उतरत होती. "सात. छान. भिंतीकडे बसले." मग एकदम काडीने बुडी मारली. मास्तर स्टुलावरून अर्धे उठले. "कुणीतरी मोठं माणूस मध्ये येऊन बसलं!"

ती आत्या. नानांनी नम्रपणे भिंतीकडे हात दाखवून म्हटलं होतं, "आपण इथे बसा," आणि तिला वाटलं, मला कोपऱ्यात बसवतात! ती मुद्दाम सतरंजीच्या मधोमध बसली.

काडी तांबड्या रेघेपासून बोटभर वर थांबली. मास्तरांनी घाम पुसला.

थोड्या वेळाने काडी अगदी किंचित खाली आली. मला दिसलंसुद्धा नाही. मास्तर हळूच म्हणाले, "मोठी आली. पोह्यांचा ट्रे घेऊन."

मग बराच वेळ काही नाही. मला पोह्यांचा वास येत होता आणि त्या कामी काडीचा काही उपयोग नव्हता. पुढे एकाएकी काडी वर जाऊ लागली. झरझर. नको तितकी झरझर.

"मास्तर, काय झालं?"

"उठले." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "सगळे एकदम उठले. दाराकडे चाललेत. अजून पोहेसुद्धा संपले नसतील."

आणि मग त्यांनी जे केलं ते मी राहायला आल्यापासून कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे स्वतःचे एकशे अडतीस पौंड हिशेबात धरलेले नसल्यामुळे ते आमच्याकडे कधीही वर आले नव्हते. दिवाळीचा फराळही आई खाली नेऊन द्यायची. ते मास्तर दोन दोन पायऱ्या चढत निघाले. मी मागे.

वर आत्याचा आवाज टिपेला पोचला होता. "चोवीस वर्षांची मुलगी घरात आणि घरात एक कपाट नाही? ट्रंक नाही? प्यायचं पाणी कळशीतून? अहो, संसार आहे की धर्मशाळा?"

नानांची पंचाईत झाली होती. त्यांची तरी काय चूक? सामान का हलवलं ते सांगावं, तर घर पडायला आलंय असं वाटणार. न सांगावं, तर घरात काही नाही असं वाटणार. ताई खाली मान घालून ट्रे धरून होती.

"सामान पडवीत आहे," मास्तर दारातून म्हणाले. "मी काढायला लावलं. दोष माझा."

"तुम्ही कोण?"

"मी खालचा. एकशे अडतीस पौंड. ही मागची एकशे एकवीस. आम्ही दोघं आत आलो आहोत तेव्हा कृपा करून आपल्यापैकी दोघांनी जिन्यात उभं राहावं."

मग मास्तर समजावू लागले. ठेकेदार, नऊ इंच, आठ इंच, स्थितिस्थापकता. शब्दागणिक आत्याचा चेहरा कठीण होत होता. वाट लागली, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात ताईने ट्रे खाली ठेवला आणि मान वर केली. बघायला आलेल्या मुलीने मान वर करून बोलायचं नसतं, पण ती बोलली. "आत्याबाई, होडीत कशी, माणसं मोजून बसवतात ना? पाणी काठाला आलं की थांबतात. तसंच आहे हे. होडी फुटकी असते म्हणून नाही. बुडू नये म्हणून."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. मग मास्तरांकडे. "आमच्या गावी खाडीला तरीची होडी आहे," ती सावकाश म्हणाली. "तिथला तांडेल मला नेहमी मधल्या फळीवर बसवतो. कडेला बसू देत नाही मेला."

"होडीत मध्ये, तुळईवर कडेला," मास्तर घाईने म्हणाले.

"म्हणजे तुम्ही या घराचे तांडेल म्हणा की!"

"म्हणा."

मुलगा म्हणाला, "तो काटा बघता येईल?"

सगळी वरात खाली आली. ताईने काडी दाखवली, खुणा दाखवल्या. मुलाने विचारलं, "आणि सगळे उतरल्यावर परत जागेवर येतो?"

"मर्यादेच्या आत असेल तर येतो," ताई म्हणाली. दोघंही काट्याकडेच बघत होते, पण ते काही काटा बघत नव्हते. हे कळायला मला भिंग लागलं नाही.

आत्या मात्र चिकित्सक. "खरा आहे की उगाच? थांबा." ती एकटी परत वर गेली आणि मधोमध उभी राहिली. मास्तरांनी भिंग लावलं आणि खालून मोठ्याने पुकारलं, "एकशे चौऱ्याण्णव!"

नानांनी डोळे मिटले.

"खोटं!" वरून आवाज आला. त्यानंतर ती खाली उतरली, पदर सारखा केला आणि माणसं घेऊन निघून गेली. हो नाही, नाही नाही.

चार दिवस आमच्या घरात कुणी जेवलं नाही. म्हणजे मी जेवले, पण मन लावून नाही. ताईने निळी साडी ट्रंकेच्या तळाशी ठेवली. मास्तर दोनदा जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आले आणि परत गेले.

पाचव्या दिवशी पाकीट आलं. आत्याचं पत्र, दोनच ओळींचं. मुलगी बोलते नीट, आम्हाला पसंत आहे, तिथी बघा. आणि पत्राला टाचणीने लावलेलं, रेल्वे स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्राचं तिकीट. त्यावर छापलेलं, एकशे शहाऐंशी.

आमचं नाचायचंच बाकी होतं, खालच्या काठीच्या धाकाने नाचलो नाही. नाना पेढे घेऊन खाली गेले. मास्तरांनी पेढा तोंडात टाकला, तिकीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "आठ पौंड," ते म्हणाले. "पोहे आणि लुगडं धरूनसुद्धा आठ पौंडांची चूक? म्हणजे इतकी वर्षं मी..." पुढचे दोन दिवस ते काडी काढून घालत होते. शेवटी त्यांनी पट्टीखाली प्रामाणिकपणे लिहून टाकलं: या काट्यात आठ पौंडांपर्यंत चूक संभवते.

लग्न पार्ल्याला एका वाडीत झालं. जमीन पक्की होती, आम्ही मनसोक्त नाचलो. ताई सासरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी मला हाक मारली. काटा अर्ध्या सुताने वर गेला होता. आम्ही दोघं जरा वेळ ती अर्ध्या सुताची जागा बघत बसलो.

पाडव्याला वखारीतून आल्यावर आई म्हणाली, "मास्तर, आता मोठीचे अठ्ठ्याण्णव मोकळे झालेत. शिवणयंत्र घ्यावं म्हणते."

"नाही."

"अहो, चाळीस पौंडसुद्धा नाही भरायचं ते."

"ते अठ्ठ्याण्णव मोकळे नाहीत, वहिनी. राखीव आहेत. ती माहेरपणाला आली म्हणजे? तिला काय शिवणयंत्र शेजारी नेऊन ठेवेपर्यंत जिन्यात उभी करायची?"

भिंतीवर ताईची ओळ होती तशीच राहिली. आईने त्यानंतर शिवणयंत्राचं नाव काढलं नाही.

पुढच्या मार्गशीर्षातली दुपार. आई आणि मी आतल्या बाजूला तांदूळ निवडत बसलो होतो. दाराकडे पाठ. खालून काठीचा ठोका आला, आणि मास्तरांचा आवाज, "वहिनी, मोठी आली! आणि एकटी नाही!"

आम्ही वळलो तर ताई दारात उभी, हातात पिशवी. नवरा बरोबर नव्हता. कुणीच बरोबर नव्हतं. आई म्हणाली, "एकटीच तर आहेस." ताई लाल झाली. मग आईच्या लक्षात आलं आणि सूप बाजूला पडलं. माझ्या लक्षात सर्वांत शेवटी आलं, नेहमीप्रमाणे.

मी तडक खाली गेले. पोटातलं तीन महिन्यांचं बाळ काट्यावर दिसतं म्हणजे शास्त्राची कमालच! मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, काट्याकडे पाठ करून. चष्मा नाकावर नव्हता, कोनाड्यात होता. भिंग त्याच्याही मागे.

"मास्तर, काट्यावर कसं दिसलं हो? आणि त्यात आठ पौंडांची चूक आहे ना?"

ते जरा ओशाळले. "जिना नेहमी एका दमात चढते ती," ते म्हणाले. "आज पावलं सातव्या पायरीवर थांबली."

मग ते उठले, चाचपडत खडू घेतला आणि होणाऱ्या बाळासाठी भिंतीवर सात पौंड राखून ठेवले. चष्मा तेवढा लावायचा राहिला. त्यामुळे ते सात पौंड ताईच्या ओळीवर न पडता खालच्या ओळीत, माझ्या नावापुढे चढले. ते अजून उतरलेले नाहीत.